रोंडाचे दोन गुण कापले

काउंटीच्या जत्रेत जॅम-लोणच्यांची परीक्षा करावी ती ल्युएला क्रेबिलनंच, हे ओहायोतल्या त्या गावात ठरूनच गेलं होतं. शाळेच्या खानावळीतून निवृत्त झाल्यापासून बाई दर ऑगस्टला तंबूत बरण्यांपुढं बसायची. चमचाभर चाखायची, आणि साखर जास्त झालीय की काकडी मऊ पडलीय ते तोंडावर सांगायची. भीडभाड नाही. लोक चिडायचे, पण पुढच्या वर्षी पुन्हा तिच्याचपुढं बरणी आणून ठेवायचे.

म्हणून ते पत्र आलं तेव्हा तिला नवल वाटलं नाही. दुकानांची गुपचूप परीक्षा करणारी माणसं हवीत, असं त्यात लिहिलं होतं. सोबत चोवीसशे डॉलरचा चेक. चारशे तिचे, उरलेल्या दोन हजारांची दुकानातून गिफ्ट कार्डं घ्यायची, मागची पट्टी खरवडून आतल्या नंबरांचे फोटो पाठवायचे, आणि गल्ल्यावरची बाई कशी वागते ते कळवायचं. आता पारख करायला गावात ल्युएलापेक्षा लायक दुसरं होतं तरी कोण? सांगा ना!

तरी ती खुळी नव्हती. चेक आधी बँकेत भरला, दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात दिसले, मगच ती घराबाहेर पडली. बँका पैसे आधी दाखवतात, चेक खोटा असला तर ते मागाहून कळतं. ल्युएलानं जन्मभर पगाराचेच चेक भरलेले, त्यातला एकही कधी परत आला नव्हता. तिला हे कुठून ठाऊक असणार?

गल्ल्यावर रोंडा होती. पन्नाशीची, आवाजानं मोठी, चर्चमध्ये कायम मागच्या बाकावर बसणारी. कार्डांचा गठ्ठा बघून तिनं हात थांबवला.

"अगं बाई, एवढी? कुणी सांगितलंय का तुम्हाला घ्यायला?"

कुणाला कळता कामा नये, अशी पत्रात ताकीद होती. "नातवंडांना द्यायचीत," ल्युएला म्हणाली.

"एवढी नातवंडं कधी झाली हो तुम्हाला? मिसेस क्रेबिल, हल्ली लोक फसवतात. आधी मुलाला एक फोन तरी करा."

"तू तुझं मशीन चालव."

घरी येऊन ल्युएलानं कार्डं खरवडली, फोटो धाडले आणि कळवून टाकलं: बाई हसतमुख, पण नको तिथं नाक खुपसते. दोन गुण कमी.

त्या नंबरांवरून कुणीतरी कार्डांतले पैसे केव्हाच काढून घेतले होते, आणि आठवड्यानं चेकही खोटा निघाला. बँकेनं सगळी रक्कम तिच्या खात्यातून वळती करून घेतली. हिवाळ्याआधी नवा हीटर बसवायचा होता, ते पैसे गेले. ल्युएला स्वयंपाकघरात बसून ढसाढसा रडली. पैशांसाठी रडलीच, पण जिनं अडवलं तिचेच गुण कापले, या शरमेनं जास्त रडली.

जत्रा तोंडावर आली होती. गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. बोलली, तर जिला साधी थाप ओळखता आली नाही तिच्या जिभेवर गाव कशाला भरवसा ठेवील? परीक्षकाची खुर्ची जाणार, आणि त्या खुर्चीवर तर तिचा जीव होता. पण तोंड शिवून खुर्ची उबवणं तिला जमेना.

निकालाच्या वेळी, रोंडाही तंबूत असताना, तिनं माईक घेतला आणि आधी सगळं सांगून टाकलं. चेक, कार्डं, कापलेले गुण, सगळं. "रोंडा, तुझं ऐकायला हवं होतं मी. चुकलं माझं. बाकीच्यांनी मला मूर्ख म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून घ्या, मग निकाल सांगते."

तेवढ्यात ओपल स्टट्झमन उठली. ल्युएलानं तिला कधीच पहिला नंबर दिला नव्हता, आणि तो राग ती गावभर सांगत फिरे. आता ही चांगलंच सुनावणार, असं सगळ्यांना वाटलं. ओपल टेबलापाशी आली, वाकली आणि हळूच म्हणाली,

"मीही सोमवारी तसलाच चेक भरलाय गं. कार्डं गाडीत आहेत."

"खरवडलीस?"

"जत्रा उरकली की खरवडणार होते."

"म्हणजे पैसे अजून कार्डांतच आहेत. चल, आधी बँकेत. बरण्या काही पळून जात नाहीत."

ल्युएलानं माईक रोंडाच्या हातात कोंबला आणि ओपलला दंडाला धरून बाहेर काढलं. गाडीत बसताना ओपलनं कार्डं मांडीवर घेतली. मग तिनं विचारलंच,

"आणि माझं लोणचं गं? खरं सांग."

"दुसरं," ल्युएला म्हणाली. "पट्टा लाव."