वाळवणाची राखण

आज गच्चीवरून एक कावळा चोचीत कुरडई घेऊन ऐटीत उडाला आणि आम्ही बायका नुसत्या बघत राहिलो.

आमच्या सुमनताई असत्या तर त्याची हिंमत झाली नसती. उन्हाळाभर सगळ्या बिल्डिंगचं वाळवण त्या काठी घेऊन राखायच्या. खुर्चीत बसल्या बसल्याच एका दुपारी गेल्या. दहाव्याला आम्हीही घाटावर गेलो. कावळे पिंडापाशी उतरत आणि कुणी काठी उगारल्यासारखे दचकून उडत. ऊन चढलं. मुलाने वडिलांना सांभाळायचं, बहिणीचं माहेरपण करायचं वचन दिलं. तरी कावळा शिवेना. आई अडकली म्हणून तो रडायला लागला.

"अरे, तुझ्या आईला काही नकोय," शेजारच्या कुसुमवहिनी म्हणाल्या. "ती राखणीला बसलीय." मग पिंडाकडे वळून त्यांनी दटावलं, "सुमन, ठेव ती काठी. आमच्या कुरडया आम्ही राखू."

कावळा लगेच शिवला.

माणूस सुटतं, पण त्याच्या हाताची सवय सुटायला जवळचं कुणीतरी रागवावं लागतं. शब्द मात्र आम्ही पाळलेला नाही. काठी खुर्चीला टेकून उभी आहे आणि तिला कुणी हात लावत नाही. न जाणो, आमची धांदल दिसली, तर सुमनताई पुन्हा मदतीला यायच्या.