तुकडेबाईंचे तीन रकाने

सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी तुकडेबाईंनी दिवसाचा पहिला भाग कापला. मालवाहू विमानाचं मागचं चाक, मटाराच्या दाण्याएवढं. असे भाग प्लास्टिकच्या चौकटीला लोंबत असतात. चौकट डाव्या हातात, छोटी कातर उजव्या. कापताना त्या श्वास वगैरे रोखत नाहीत, फक्त बोलायचं थांबतात. चाक पाकिटात गेलं, पाकिटावर पत्ता आला. ज्याला ते जाणार होतं त्या गृहस्थाने कळवलं होतं की आधीचं चाक कुत्र्याने गिळलं. कुत्रा ठीक आहे.

कारखाना जोडायच्या मॉडेलांचा. विमानं, जहाजं, रेल्वेची इंजिनं डब्यात सुट्या तुकड्यांत येतात आणि लोक ती घरी गोंदाने जोडतात. एखादा तुकडा डब्यात नसला, मोडला किंवा सोफ्याखाली गेला की माणूस कारखान्याला पत्र लिहितो. ते पत्र दुसऱ्या मजल्यावरच्या बारा बाय नऊच्या खोलीत येतं. खोलीत सहाशे चाळीस लहान खण, एक टेबल, एक भिंग आणि तुकडेबाई. वय चोपन्न, नोकरी सव्वीस वर्षं. पगाराच्या चिठ्ठीवर नाव वेगळं आहे, पण त्या नावाने हाक मारली तर त्या स्वतःच मागे वळून बघतील की कोण बुवा ही.

तीन महिन्यांपूर्वी संस्थापकाच्या नातवंडांनी कारखाना विकला. नव्या मालकांनी अशाच आणखी दोन जुन्या कंपन्या घेतल्या होत्या. या महिन्याच्या सुरुवातीला फळ्यावर नोटीस लागली: सुट्या भागांचा विभाग तीस तारखेला बंद. यापुढे तक्रार आली की ग्राहकाला अख्खा नवा डबा पाठवायचा. तुकडेबाईंना पॅकिंगमध्ये जागा मिळणार होती, तीही ‘शक्य झाल्यास’. आज अठरा तारीख होती.

पॅकिंगमध्ये त्यांची नणंद होती, ही दिलासा देणारी गोष्ट नव्हती.

“वहिनी, आमच्याकडे आलात की उभ्याने काम हं,” ती चहाचे कप टेबलावर ठेवत म्हणाली. “इथे राणीसारखं बसून कापताय.”

“वन्सं, तुम्ही डब्यात भाग नीट मोजून भरले असते तर ही राणी कधीच बेकार झाली असती.”

“म्हणजे तुमची नोकरी माझ्यामुळेच टिकली! उपकार माना.”

दोघी हसल्या. मग नणंदेनेच हळू आवाजात विचारलं, “दादाला सांगितलंत?” तुकडेबाईंनी नकारार्थी मान हलवली. नवरा बसचालक होता आणि दोन वर्षांत निवृत्त होणार होता. दोघांपैकी एकाचा पगार चालू राहायला हवा होता.

साडेदहाला नवे साहेब आले. पस्तिशीचे, नव्या मालकांनी नेमलेले, खिशात मोजपट्टी. या खोलीत रिकामे खोके ठेवायचे होते, त्यासाठी भिंती मोजायच्या होत्या. मोजता मोजता त्यांची पट्टी कपाटाला अडली. कपाटात जाड वह्या होत्या, वर्षाला एक.

“हे रद्दीत देता येईल ना?”

“देता येईल. आधी एकदा बघा तरी.”

साहेबांनी एक वही उघडली आणि उभ्या उभ्या चार पानं वाचली. त्यांना एक प्रश्न आठवडाभर छळत होता, तो त्यांनी एका खोक्यावर बसत बोलून दाखवला. गोदामात दोनशे बारा साचे पडून आहेत, एका मॉडेलचा एक. पहिल्या हंगामात मशीनवर सहाच चालवता येतील. कुठले सहा, ते शुक्रवारपर्यंत मालकांना सांगायचंय. जुन्या मालकांनी दिलेल्या यादीत फक्त दुकानांना किती डबे गेले एवढंच होतं.

“डबा विकला गेला की नाही ते कळतं. तो कुणी उघडला का, की माळ्यावर पडून राहिला, हे कसं कळणार?”

“माळ्यावरचा डबा मला पत्र लिहीत नाही, साहेब.”

साहेब खोक्यावरून उठले. मग त्यांनी वह्या खाली काढायला सुरुवात केली. ज्या मॉडेलची पत्रं जास्त, ते लोक जास्त बांधतात. हिशेब सरळ होता. तासाभरात एक नाव सगळ्यांच्या वर आलं: दोन इंजिनांचं लढाऊ विमान, नऊ वर्षांत अकराशे चाळीस पत्रं.

“झालं! एक नंबरला हे,” साहेब म्हणाले. “आणि बाई, एवढी पत्रं येणार असतील तर ही खोली बंद करणं मलाच परवडणार नाही. मालकांशी बोलतो.”

तुकडेबाईंच्या हातात कातर तशीच राहिली. गप्प बसायचं, एवढंच काम होतं. विमान मशीनवर चढलं असतं, पत्रांचा पाऊस पडला असता आणि खोली वाचली असती. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात. इथे तर छप्परच वाचत होतं.

“ते घेऊ नका,” त्या म्हणाल्या.

“का?”

“रकाना बघा. तीन आहेत. आलाच नाही, तुटला, हरवला. या विमानाची हजारावर पत्रं पहिल्या रकान्यातली आहेत. भाग एकतीस. साच्याच्या त्या कोपऱ्यात प्लास्टिक पोचतच नाही, म्हणून भाग अर्धवट निघतो. लोकांना ते आवडतं म्हणून पत्रं येत नाहीत. आम्ही डबा अपुरा देतो म्हणून येतात.”

“नऊ वर्षं? कुणाला सांगितलं नाहीत?”

“दर वर्षी लेखी दिलं. दोन प्रती. एक माझ्याकडे आहे, दुसरीचं काय झालं ते तुमच्या आधीच्यांना विचारा.”

मग त्यांनी खुर्ची ओढून साहेबांना वही वाचायला शिकवली. भागांचे नंबर जोडायच्या क्रमाने दिलेले असतात. पाच नंबरचा भाग मागणाऱ्याने नुकताच डबा उघडलेला असतो. नव्वद नंबरचा मागणारा कळसापर्यंत आलेला असतो. घोडं अडतं ते एका तुकड्यापाशी. आणि तुकडा हरवतो तो बांधायला घेतल्यावरच. म्हणून बघायचा तो तिसरा, हरवल्याचा रकाना, आणि त्यातले भागांचे मोठे नंबर.

तिथे लढाऊ विमान जवळजवळ नव्हतंच. होती एक ठेंगणी ओढबोट, मोठ्या जहाजांना बंदरात ओढून आणणारी. शहाण्णव भाग. साचा अकरा वर्षं मशीनवर चढला नव्हता, तरी गेल्या वर्षी चौसष्ट पत्रं आली होती. जुने डबे शोधून, विकत घेऊन लोक ती बांधत होते. त्यांतली एक्केचाळीस पत्रं ऐंशीच्या पुढच्या भागांसाठी होती.

“ही? हिच्याकडे कोण बघतं?”

“बघत कुणी नाही. पूर्ण मात्र करतात.”

संध्याकाळी नवऱ्याने ऐकून घेतलं आणि ताटावरून न उठता विचारलं, “म्हणजे साहेब खोली वाचवत होते आणि तू त्यांना थांबवलंस?”

“वहीत खोटं कसं वाचू देणार?”

“वही तुझ्या पेन्शनमध्ये भर घालणार आहे का?” एवढं बोलून तो हात धुवायला उठला. सकाळी मात्र त्याने न सांगता बायकोचा चष्मा पुसून ठेवला.

पुढचे दोन दिवस खोलीत तिघं बसली. तुकडेबाई वाचायच्या, नणंद टिपून घ्यायची, साहेब कॉम्प्युटरवर भरायचे. “साहेबांच्या हाताखाली काम करायचं होतं, वहिनींच्या हाताखाली आले,” नणंद दर तासाला म्हणायची. शुक्रवारी सहा साच्यांची यादी गेली. पहिली ओढबोट. लढाऊ विमान कोपरा दुरुस्त होईपर्यंत बाजूला.

सोमवारी दुपारी साहेबांनी फळ्यावरची नोटीस स्वतः काढली. विभाग चालू राहणार होता, एक वर्ष. त्यानंतर पुन्हा बघायचं असं ठरलं होतं. दर महिन्याच्या एक तारखेला तिसरा रकाना मालकांकडे जाणार होता, मालकांच्या इतर दोन कंपन्यांची पत्रंही याच खोलीत येणार होती. खोक्यांसाठी मात्र एक भिंत द्यावी लागली. दीडशे खण जिन्याखाली गेले.

“एक वर्षच?” तुकडेबाईंनी विचारलं.

“सहा साचे विकले गेले तर पुढच्या वर्षी आणखी दहा. मग तुम्हाला जागा पुरणार नाही.”

“ते मी बघीन. आधी लेखी द्या.”

ओढबोटीच्या साच्यावर गंज होता. साचेवाल्या मामांनी तो घासायला चार दिवस घेतले, दोन पिना बदलल्या, छोट्या हातमशीनवर एक नमुना चौकट काढली आणि कोपरे भरतात की नाही हे पाहण्यासाठी तुकडेबाईंना खाली बोलावलं. भाग एक ते शहाण्णव, त्यांनी भिंगाखाली एकेक तपासला. अठ्ठावन्न नंबरच्या कठड्याला केसाएवढी कड जास्त होती. मामा पुटपुटले, “हिला सूर्यावरही डाग दिसायचा.” पण साच्यातली ती जागा त्यांनी पुन्हा घासली.

उद्या सकाळी साडेसातला ओढबोटीचा साचा तीन नंबरच्या मशीनवर चढेल. सुरुवातीला साच्याचं पोलाद थंड असतं आणि भाग नीट भरत नाहीत, म्हणून पहिल्या चाळीस चौकटी दळून पुन्हा वापरात जातील. एक्केचाळिसावी दुसऱ्या मजल्यावर येईल. तिच्यावर तुकडेबाईंची सही झाली की दहा वाजता पॅकिंग सुरू होईल.