नऊ वाजता, पण कुणाच्या?

किया ओरा मंडळी. आज ऑकलंडमधल्या पेनरोजच्या आमच्या डेपोत सुपरवायझरने प्रकाश नावाच्या नवीन ड्रायव्हरला सांगितलं, "उद्या नऊला ये." प्रकाश सवयीने विचारून बसला, "तुमचे नऊ की आमचे?" सगळे हसले. तो बिचारा ओशाळला.

मला हसू आलं नाही. मी हिंदीत विचारलं, "बीरगंजचा का रे तू?" त्याने चमकून होकारार्थी मान हलवली.

बीरगंज नेपाळात, रक्सौल भारतात, मध्ये एक पूल. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. माझे बाबा मूळचे विट्याचे, पण जुनी चांदी गाळून शुद्ध करायचं त्यांचं दुकान रक्सौलला होतं. भिंतीवर दोन घड्याळं असायची. पुलापलीकडचे सोनार यायचे म्हणून आमची चूल पेटायची, आणि आमच्या चांदीवर त्यांची. बाबा फर्डं नेपाळी बोलायचे. दसऱ्याला आई पलीकडच्या मैत्रिणीकडे टिळा लावून घ्यायला जायची.

आणि मी? इतकी वर्षं कुणी विचारलं की "पुण्याची" म्हणून मोकळी व्हायचे. तिथे फक्त कॉलेज केलंय. पण रक्सौल म्हटलं की लोकांना धूळ आणि तस्करीच आठवते.

आज मात्र सगळ्यांसमोर म्हणाले, "मी रक्सौलची. आमच्याकडे हा प्रश्न विचारल्याशिवाय धंदा होत नाही." सुपरवायझर म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत झकास. "मग नऊ, ऑकलंडचे."

प्रकाश आता मला दीदी म्हणतो.

तुम्हीही असं एखादं गाव पोटात दडवून ठेवलंय का? आज त्याचं नाव लिहा खाली.