पाइपातले तीन ठोके

२१ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ऊन. सिंकखालची बादली दोनदा ओतली. प्लंबर संध्याकाळी येतो म्हणाला होता आणि चक्क आला. गळती सापडली. हेल्मेटची मोटारसायकल आजपासून आमच्या जागेत.

त्या दिवसाची नोंद अशी सुरू होते. जे घडलं ते लिहायचं, वाटलं ते नाही, ही शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली शिस्त. पण हेल्मेटबद्दल एवढ्यावर भागत नाही.

तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारा हा माणूस चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. जिन्यात भेटला तरी डोक्यावर हेल्मेट, म्हणून इमारतीत त्याचं तेच नाव पडलं. झोपतानाही काढत नसेल, असं समोरच्या वहिनी म्हणतात. त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी राहते, शहरापासून दूर, जिथे बस जात नाही. दर रविवारी हा मोटारसायकल काढतो आणि मुलीला भेटून येतो. त्याची पहिली मोटारसायकल रस्त्यावरून चोरीला गेली. दुसरी घेईपर्यंत भेटी बंद पडल्या, आणि मुलगी फोनवरही बोलेनाशी झाली. माझा चष्मा दुरुस्त करून द्यायला आला तेव्हा त्याने हे सांगितलं. सांगताना काच पुसत होता. ती आधीच स्वच्छ होती.

भाडेकरूंना आमच्याकडे पार्किंग नाही. जिन्याखालच्या कोपऱ्यात तो मोटारसायकल लावायचा, त्याकडे सेक्रेटरींनी कानाडोळा केला होता. साखळी अडकवायला तिथे एकच गोष्ट होती, भिंतीलगत वर चढणारा पाण्याचा लोखंडी पाइप. कुलूप लावलं की तो साखळीला तीन हिसके द्यायचा. एकदा पोळला होता ना.

तो पाइप पहिल्या मजल्यावर माझ्या स्वयंपाकघरातून जातो. ठण, ठण, ठण. मांडणीवरच्या ताटल्या किंचित थरथरत. हे गेल्यापासून संध्याकाळी माझ्या दारात किल्ली फिरत नाही. ठोके ऐकू आले की मी चहाचं आधण ठेवायची, एकटीपुरतं. कुणीतरी घरी पोचलं, एवढं कळलं तरी पुरायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही.

गुरुवारी प्लंबर सिंकखाली डोकं घालून बसला होता. पाइपाचा सांधा कशाने तरी हलून सैल झालाय, पण कशाने ते त्याला उमगेना. सेक्रेटरी दारात उभे राहून जुन्या बांधकामाला नावं ठेवत होते. तेवढ्यात ठोके आले. मी सवयीने चहाचं भांडं उचललं आणि बोलून गेले, "आला हेल्मेट."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग सेक्रेटरी तरातरा खाली गेले. माझ्या हातात भांडं तसंच होतं. ते ओट्यावर ठेवलं आणि कठडा धरून मीही उतरले.

खाली सेक्रेटरींनी त्याला फैलावर घेतलं होतं. पाइप काय तुमच्या मालकीचा आहे, भाडेकरूने पायरी ओळखावी, आजच्या आज मोटारसायकल बाहेर काढा. त्याने हेल्मेट काढून हातात घेतलं होतं. केस विरळ झालेत, कपाळावर वळ पडलाय. त्याला असा मी प्रथमच पाहिला.

"काढतो," तो म्हणाला. "पण हीसुद्धा गेली ना साहेब, तर माझी मुलगी मला विसरेल."

"आमची जागा रिकामी आहे," मी म्हणाले.

सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, ती तुमच्या गाडीची आहे."

"गाडी विकली. जागा तर नाही विकली? माझी पाहुणी म्हणून उभी राहील ती तिथे."

पाहुणीला काय म्हणावं हे त्यांच्या नियमात नसावं. हेल्मेट मात्र हळूच म्हणाला की तिथे बांधायला काहीच नाही. प्लंबर मागून पिशवी घेऊन उतरला होता. त्याने सांगितलं की पाइप तर चोराने लाथेने मोडला असता, त्यापेक्षा जमिनीला भोक पाडून बोल्टने जाड कडी बसवून देतो. बसवलीही. ड्रिलचा धुरळा आम्हा सगळ्यांच्या चपलांवर बसला.

मग हेल्मेटने साखळी कडीत ओवली, कुलूप लावलं आणि तीन हिसके दिले. मी कान देऊन उभी होते. जमीन काही बोलली नाही.

"काकू, त्या आवाजाचा इतके दिवस तुम्हाला त्रास झाला असेल," तो म्हणाला. "आता नाही व्हायचा."

"नाही," मी म्हणाले, "आता नाही व्हायचा."

वर आले. नोंदीतली शेवटची ओळ अशी आहे: सिंकखालची बादली काढून बाल्कनीत ठेवली. सांधा कोरडा आहे.