नानांचं पथ्य आणि अक्कांची साय

माझ्या सासऱ्यांच्या छातीत पहिली कळ आली ती माझ्या माहेरी, नशिराबादजवळच्या शेतात, वांग्याच्या भरताच्या पार्टीत. त्यामुळे दोष कुणाचा हे ठरवायला डॉक्टरची गरज पडली नाही. धुळ्याला आमच्या घरी पुढे कित्येक महिने ‘जळगावच्या वांग्यांनी घात केला’ असंच सांगितलं जायचं. वांग्यांबरोबर नानांनी खाल्लेल्या अकरा पुऱ्या आणि नंतर ओढलेल्या विड्या यांचं नाव कुणी काढलं नाही.

नाना बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते. दुखणं गॅसचं आहे असा निकाल त्यांनी स्वतःच दिला आणि दोन दिवस ओवा चावला. तिसऱ्या दिवशी जिना चढताना मध्येच बसले, तेव्हा माझ्या नवऱ्याने रिक्षा आणली.

डॉक्टर तरुण होता, पुण्याहून नुकताच शिकून आलेला. त्याने कार्डिओग्राम काढला, रक्त तपासायला पाठवलं. दोन दिवसांनी रिपोर्ट समोर ठेवून म्हणाला, “हृदयाला रक्त कमी पोचतंय. रक्तदाब जास्त आहे, कोलेस्टेरॉल जास्त आहे, साखर उंबरठ्यावर आहे. जेवण कसं असतं तुमचं?”

“साधं,” नाना म्हणाले. “घरचं.”

ते खोटं बोलत नव्हते. खिचडीवर वाटीभर कच्चं शेंगदाणा तेल ओतायचं, हे आमच्याकडे साधं. शेवभाजीवर बोटभर तर्री नसली तर ती भाजी आजाऱ्यासाठी केलीय असं समजायचं. तळलेल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, तोंडी लावायला, लोणचं तोंडी लावायला, ठेचाही तोंडी लावायला. फळांच्या बाबतीत तर आम्ही भाग्यवान. जळगावची केळी ट्रक भरभरून दिल्लीला जायची, आणि आम्ही त्यांचे वेफर तळून उपास करायचो.

डॉक्टरने पथ्याचा एक छापील कागद दिला. तेल कमी, मीठ कमी, तळलेलं बंद, विडी बंद, दूध साय काढून, रोज चालणं. नानांनी तो स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला आणि आमच्याकडे सरकारी काम सुरू झालं.

समाचाराला येणाऱ्यांनी कागदाचा अर्थ लावून दिला. आबा, म्हणजे नानांचे थोरले भाऊ, दोंडाईच्याहून आले. ते म्हणाले, “तेल बंद सांगितलंय ना? मग तूप खा. तूप सात्त्विक असतं.” शेजारचे मारवाडी शेटजी शुद्ध तुपातले लाडू घेऊन आले आणि हृदय बळकट व्हायला रोज दोन खायला सांगून गेले. चुलतसासूने बिबड्यांचा डबा दिला. बिबडीत मीठ असतं असं मी म्हणाले, तर ती म्हणाली, “ते पिठात असतं, वरून कुठे घेतोय?” नवीन सून म्हणून मी गप्प बसले. बीएस्सी झालेली सून तर जास्तच गप्प बसते.

नाना मात्र खरोखर बदलले. विडी सोडली, सकाळी चालायला लागले. जेवायला बसले की चष्मा लावून भाजीवरचं तेल बघायचे आणि जास्त दिसलं तर ताट सरकवून द्यायचे. “पुन्हा करा.” मग अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, पुन्हा करायच्या. घरात इतरांची जेवणं जुनीच होती, म्हणून रोज दोन स्वयंपाक. चार महिन्यांत नानांचा सदरा ढगळ झाला. येणारा जाणारा म्हणायचा, “नानांचा संयम बघा.” नाना मान हलवून ते मान्य करायचे. त्या संयमासाठी सकाळी पाचपासून चुलीशी कोण उभं असायचं, हे विचारायची रीत नव्हती.

अक्का सगळ्यांच्या मागून, ओट्याजवळ जमिनीवर बसून जेवायच्या. नानांनी परत पाठवलेली तेलकट भाजी त्यांच्या ताटात असायची. नानांच्या दुधावरची साय वाटीत साठायची, ती शिळ्या भाकरीवर मीठ घालून त्याच खायच्या. शेटजींचे लाडू नानांना चालत नव्हते, आम्हाला आवडत नव्हते, तेही त्यांनीच संपवले. मी एकदा म्हणाले, “अक्का, एवढी साय नका खाऊ.”

“मंग काय फेकी देऊ?” त्या म्हणाल्या. “माले काय व्हस? मी काय आजारी शे का?”

पुढच्या तपासणीला नाना, अक्का आणि मी गेलो. अक्का थर्मास आणि पिशवी धरायला. डॉक्टरने नानांच्या दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब उतरला होता, पण नानांच्या संयमाला शोभेल इतका नाही. ते रागावले.

“तुमचं मशीन बिघडलेलं आहे.”

“मशीन चांगलं आहे, नाना.”

“हिला लावून बघा. हिला आयुष्यात काही झालेलं नाही. हिचा जास्त आला तर मशीन बिघडलंय हे सिद्ध होईल.”

डॉक्टर हसला. अक्कांनी पदर सावरत हात पुढे केला. त्याने पट्टा फुगवला, सोडला. मग हसणं थांबवून दुसऱ्या हाताला बांधला. मग म्हणाला, “पाच मिनिटं शांत बसा,” आणि पुन्हा बघितला.

“बघा,” नाना म्हणाले. “मी काय सांगत होतो?”

“नाना, यांचा तुमच्यापेक्षा खूप जास्त आहे.”

“म्हणजे मशीन…”

“मशीन नाही,” डॉक्टर म्हणाला आणि अक्कांकडे वळला. “अक्का, डोकं दुखतं का?”

“दुखस. ते तं सगळासनंच दुखस.”

“जेवता काय तुम्ही?”

अक्कांनी नानांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांनी काय खाल्लं असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. शेवटी म्हणाल्या, “जे उरस ते.”

मला तिथे फार लाज वाटली. साय बघत होते मी, लाडू बघत होते. बीएस्सीला रक्ताभिसरणाच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवले होते.

अक्कांचं रक्त तपासलं, त्यातही कोलेस्टेरॉल जास्तच निघालं. डॉक्टर दुसरा कागद देऊ लागला तेव्हा नाना म्हणाले, “घरी आहे की एक.” डॉक्टरने तरी दिला, अक्कांच्या हातात.

त्या संध्याकाळी मी सगळ्यांसाठी एकच भाजी केली, कमी तेलाची, आणि नानांच्या शेजारी अक्कांचं पान मांडलं. नाना पानाकडे बघत राहिले. अक्का तर जेवेचनात. दर दोन घासांनी पोळी वाढायला उठायच्या. शेवटी नाना कुरकुरत म्हणाले, “बस खाली. घेतो मी माझं.” एवढ्या मोठ्या त्यागाची बातमी त्यांनी दुसऱ्या दिवशी फिरायला गेल्यावर सगळ्या मित्रांना सांगितली.

घर एका दिवसात सुधारलं नाही. माझा नवरा महिनाभर बाहेर जाऊन शेवभाजी खात होता. अक्का रक्तदाबाची गोळी अर्धीच घ्यायच्या, संपू नये म्हणून. सहा महिन्यांनी त्यांच्या डाव्या हाताला एकदम मुंग्या आल्या, तोंड किंचित वाकडं झालं, चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. हात बराचसा परत आला. त्यानंतर नाना स्वतः गोळी पाण्याबरोबर पुढे ठेवायचे आणि गिळेपर्यंत समोर उभे राहायचे. प्रेम म्हणा, नाहीतर खात्याची सवय.

दीड वर्षाने शिरपूरला एका नातेवाइकाकडे मांडे-आमरसाचं जेवण होतं. बायकांच्या पंगतीत मी अक्कांच्या शेजारी बसले होते. वाढणारी तुपाची वाटी घेऊन आली आणि रितीप्रमाणे न विचारता ओतायला लागली. अक्कांनी मांड्यावर हात आडवा धरला.

“नको. माले डॉक्टरनी मना करेल शे.”

वाढणारी थांबली. पंगतीतल्या दोन-चार जणींनी वळून बघितलं. अक्का मान ताठ करून बसल्या होत्या, जणू अंगावर नवीन शालू होता. मग त्यांनी एक मांडा संपवला आणि दुसरा, कोरडाच, मागून घेतला.