आई बरी आहे

आज लेकीचा 'पोचले' हा मेसेज नेटवर्कमुळे दोनदा आला आणि मी धास्तावून तिला फोनच लावला. नव्वदच्या दशकातलं माझं बेलापूरचं ऑफिस आठवलं. गारठवणारा एसी, कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. आईचं ऑपरेशन नीट झाल्याचं अमेरिकेतल्या दादाला कळवायचं होतं. एका ओळीच्या कमांडने ईमेल जातो म्हणे, म्हणून 'आई बरी आहे' लिहून मी एंटर दाबलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही, नुसता कर्सर लुकलुकत राहिला.

"गेलं का गं? पावती कुठाय?" माझ्यासोबत ऑफिसात आलेल्या बाबांनी खुर्चीमागून विचारलं.

मलाही कळेना. पडदा गप्प राहिला म्हणजे ईमेल गेला, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं? पुन्हा पाठवलं. मग आणखी दोनदा.

संध्याकाळी शेजाऱ्यांकडे दादाचा फोन आला. तो बाबांनी घेतला.

"बाबा, खरं काय ते सांगा. बरी आहे, तर चारचारदा का लिहिताय?"