पुठ्ठ्यामागची नदी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

सहावीत होते. पेणच्या आमच्या शाळेत भूगोलाचं प्रदर्शन होतं. टेबलावर मातीची अंबा नदी, घाटातून निघून धरमतरच्या खाडीला मिळणारी. डोंगरांमागे रंगवलेला पुठ्ठा उभा. पुठ्ठ्यामागे जमिनीवर मी. उंच स्टुलावर बादली, बादलीतून सलाईनची नळी, नळीचं चाक माझ्या बोटात. मी चाक सोडलं की पुढे नदी वाहायची. लोक वा वा म्हणायचे.

पाहुण्यांनी विचारलं, "वाडीवरची मुलं घेतात का भाग?"

भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "घेतात ना. माती आणतात, पाणी भरतात. बोलायचं म्हटलं की पळतात."

कुणीतरी हसलं.

मी पळाले नव्हते. दोन हातांच्या अंतरावर, पुठ्ठ्यामागे बसले होते.

ह्याच बाई. कातकऱ्यांच्या पोरीला पहिल्या बाकावर बसवणाऱ्या. भूगोल म्हणजे काय ते मला त्यांनीच दाखवलं. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं, डावा हात उत्तर. उगम, उपनदी, गाळ, मुख. शाळा सुटल्यावर थांबवून माझ्या 'नाय'चं 'नाही' केलं, 'हाय'चं 'आहे'. "नदीची माहिती तूच सांगायचीस," म्हणाल्या. मी ती शेळ्यांना सांगितली, चुलीला सांगितली. आई गणपतीच्या कारखान्यात शाडू मळायची. शेटकडून मागून तिनं पाटीभर माती डोक्यावरून शाळेत आणली. त्याच मातीची ती नदी.

प्रदर्शनाच्या सकाळी बाईंनी मला बाजूला घेतलं. "तू मागे बस. मोठे पाहुणे येणार. तुझ्या तोंडून चुकून 'हाय' गेलं तर? आणि पाणी तुझ्याइतकं नीट कुणी सोडत नाही."

माझी वाक्यं त्यांच्या भाचीला दिली. भाचीला ती आधीच पाठ होती.

पाहुणे पुढच्या टेबलाकडे सरकले आणि आई आली. टेबलाखालून मला तिचे पाय दिसले. शाडू वाळून पांढरे झालेले. टाचा वर करून ती मला शोधत होती. भाची पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली होती. मी एक हाक मारायची होती. तेही नको, नुसतं चाक बंद करायचं होतं. नदी आटली असती. का आटली म्हणून सगळे मागे बघायला आले असते.

मी चाक धरून बसले. नदी वाहत राहिली. पाय निघून गेले.

संध्याकाळी वाडीच्या वाटेवर आईनं विचारलं, "बोललीस ना गो?"

"व्हय. तू येण्याच्या आधी."

"मेल्या शेटनं लवकर सोडलंच नाय," आई म्हणाली. मग जरा चालून, "मलाच उशीर झाला."

अजून ती वाडीत हेच सांगते. पोर एवढ्या लोकांसमोर बोलली, पन मला ऐकाय नाय मिळालं. मला उशीर झाला.

एकदा पेणच्या बाजारात बाई भेटल्या. आईनं हात जोडले. "तुमी माझ्या पोरीला बोलाय लावलंत." मी शेजारी उभी. वाटलं, आता बाई माझ्याकडे बघतील. निदान खाली बघतील. त्या हसल्या. नमस्कार ठेवून घेतला.

मी आता रोह्यात भूगोल शिकवते. नदीच्या धड्याला पोरांकडून मातीची कुंडलिका करून घेते. मागे पुठ्ठा लावू देत नाही. बादली दिसते, नळी दिसते, पाणी सोडणारं पोरही दिसतं. पुढे येऊन तेच बोलतं.

यंदाच्या प्रदर्शनाला शाळेनं बाईंना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं. आल्या आल्या त्या म्हणाल्या, "अगं, मागे काहीतरी लाव. बादली बरी दिसत नाही."

मी लावलं नाही.

भाषणात त्यांनी माझ्याकडे हात केला. "हिचं पहिलं भाषण माझ्याच प्रदर्शनात झालं. मी उभं केलं हिला." टाळ्या. आईला सांगितलेलं माझंच खोटं, बाईंच्या तोंडून.

मी उठले. "बाई, मी बोलले नव्हते. तुम्ही मला पुठ्ठ्यामागे बसवलं होतं."

"असेल गं. किती वर्षं झाली."

"असेल नाय, बाई. खरं हाय."

भरल्या हॉलमध्ये, पोरांसमोर, मी 'हाय' म्हणाले. काही कोसळलं नाही. मुख्याध्यापकांनी चहा आणायला सांगितला. बाई शाल सावरत खाली बसल्या.

त्यांच्याकडून मला आता काही नको. माफीसुद्धा नको. पण बाईंना जे सगळ्यांसमोर बोलले, ते आईशी एकांतातही बोलले नाही. रविवारी वाडीवर जाणार आहे. आईला आता ऐकू कमी येतं. मोठ्यानं सांगावं लागेल, शेजारीपाजारीही ऐकतील. ऐकू देत.

आईचं मी एवढं देणं लागते: आई, तुला उशीर झाला नव्हता. तुझे पाय मी पाहिले होते. हाक मी मारली नाही.